हिमकडा नव्हे, खडक!

संपादक महोदय,


या आठवड्यात आपल्या दैनिकात उत्तराखंडातील चमोलीच्या दुर्घटनेचा उल्लेख पुन्हा ‘हिमकडा कोसळून आलेला महापूर’ असाच झाला. ७ फेब्रुवारी २०२१ला ती घडली, तेव्हा हे शब्द घाईत छापले गेले, ते समजून घेता येते. शिखरावर नेमके काय घडले हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. पण शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून चोख हिशेब मांडला आणि तो अजून आपल्या रकान्यांपर्यंत पोहोचलेला नाही, याचा संताप येतो. रोंटी शिखराच्या उत्तर अंगाचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरांचा तुकडा सुटून खाली आला. त्यात बर्फ होता सुमारे २० टक्के. बाकीचा ८० टक्के निव्वळ खडक. पाचातले चार वाटे खडकाचे असताना नाव बर्फाचे लावायचे, हा कुठला न्याय?

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. नावातच सगळे आहे. ‘हिम’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे वितळणारी हिमनदी आणि फुटलेले तळे उभे राहते. खडकाचे काय झाले, हे विचारायचे कोणाला सुचतच नाही. तो खडक सुमारे १८०० मीटर खाली आदळला, तेव्हा अखंड राहिला नाही. खडकाच्या अंगात सांधे आणि चिरा मुळातच असतात. पहिल्या आपटीला तो त्या सांध्यांत उकलतो, मग धोंडे एकमेकांवर चिरडत त्यांची खडी होते, खडीची चुरी आणि चुरीची भुकटी. दगडखाणीवरच्या क्रशरला जी ताकद विजेतून मिळते, ती इथे डोंगराच्या उंचीतून मिळते. याच रगडण्यातून निघालेल्या उष्णतेने त्यातला जवळजवळ सगळा बर्फ वितळला, आणि ते पाणी दगडमातीसह ऋषिगंगेच्या खोऱ्यात उतरले. म्हणजे पूर आला हे खरे, पण त्यातले बरेचसे पाणी खडकानेच तयार केले. वीस मीटरांहून मोठे धोंडे त्या लोंढ्याबरोबर वाहत गेले. 

फुटलेला खडक कड्याच्या पायथ्याशी थांबत नाही, हा धडा तर शंभर वर्षांहून जुना आहे. स्वित्झर्लंडमधील एल्म गावावर १८८१ साली पाटीच्या दगडाची खाण कोसळली. सुमारे १ कोटी घनमीटर दगड जवळजवळ सपाट दरीतून दीड किलोमीटर धावला आणि ११५ माणसे गेली. कॅनडातील फ्रँक गावाजवळ १९०३ साली टर्टल पर्वताचा चुनखडक जेमतेम दीड-पावणेदोन मिनिटांत सुमारे ३ चौरस किलोमीटरभर पसरला. अशा ढिगाऱ्यांत वर मोठे धोंडे आणि आत चुरा सापडतो. कित्येक दगड तर शंभर ठिकाणी तडकूनही जागच्या जागी असतात, तुकड्याला तुकडा जुळवावा आणि मूळ दगड उभा राहावा असे. फुटण्यामुळेच खडक इतका लांब जातो, की फुटण्यात त्याची शक्ती उलट खर्ची पडते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्याने आपला मुद्दा ढळत नाही. एकटा धोंडा घरंगळून जिथे थांबतो, ती कोसळणाऱ्या अख्ख्या कड्याची सीमा नव्हे. सुरक्षित अंतर धोंड्यावरून मोजाल, तर माणसे मरतील.

‘हे आधी कळत नाही’ ही ठरलेली सबब. रोंटीच्या माथ्यावरची भेग आदल्या काही वर्षांत रुंदावत गेली, ती उपग्रहाच्या चित्रांत दिसते. कडा सुटल्याची नोंद त्या भागातील भूकंपमापकांनी केली होती. स्वित्झर्लंडमधील ब्लाटेन गावाच्या वरचा डोंगर मे २०२५मध्ये तुटून हिमनदीवर पडू लागला, तेव्हा तिथल्यांनी खडकावर नजर ठेवून सुमारे ३०० जणांचे गाव आधीच रिकामे केले. २८ मे रोजी गाव गाडले गेले. जीव एकाचा गेला. चमोलीत २००हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांतील कित्येक तपोवन जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात आणि खोऱ्यातील इतर प्रकल्पांच्या कामावर होती. खोऱ्यात प्रकल्प बांधायला पैसा मिळतो, मग इशाऱ्याच्या भोंग्याला आणि कड्यावरच्या पहाऱ्याला का मिळू नये?

आपल्या महाराष्ट्रातही नावांची तीच गत. माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथे माती चिखल होऊन घसरली, तरी बातमीत ‘दरड’. घाटात सुटा दगड पडला, तरी ‘दरड’. लोखंडी जाळी सुटा दगड अडवते, पाण्याने फुगलेली माती अडवत नाही. तिला थोपवायचे तर आधी पाण्याचा निचरा करावा लागतो. काय कोसळले हे जिथे नीट लिहिलेच जात नाही, तिथे सगळ्यावर एकच जाळी ठोकली जाते. म्हणून विनंती आहे : चमोलीविषयी यापुढे लिहाल, तेव्हा पहिला शब्द खडकाचा लिहा.

— एक नियमित वाचक, पुणे