डोळ्यासमोरून जात नाही



मराठीत भीतीचे वाक्प्रचार मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, आणि त्यातले बहुतेक सगळे शरीराचे आहेत. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, अंगावर काटा येतो, दातखीळ बसते. भीती जुनी झाली पण गेली नाही, तर आपण म्हणतो, "ते काही डोळ्यासमोरून जात नाही." मुलांना वाक्प्रचार शिकवताना हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. हे शब्दशः घेऊन, म्हणजे डोळे आणि शरीर यांच्याच वाटेने, कुणी मनाच्या जखमेवर उपचार करतं हे मात्र मला अलीकडे कळलं.

कळलं ते घरातूनच. माझ्या भाचीला महामार्गावर अपघात झाला होता. हाडं जुळली, पण मागून ट्रकचा हॉर्न वाजला की तिची मान आखडायची, तळहात ओले व्हायचे. गाडीत पुढच्या सीटवर ती बसतच नसे. पुढे ती पुण्यात एका मानसतज्ज्ञाकडे जाऊ लागली. दिवाळीला सगळे जमलो तेव्हा तिने सांगितलं, की तिथे एका काठीच्या टोकाकडे बघत बसायचं असतं. झालं! घरात हशा पिकला. "पैसे देऊन काठीकडे बघायचं? आमच्याकडे ये, फुकट दाखवतो!" हसणारी मंडळी हे वाचणार आहेत, म्हणून तिच्या परवानगीने मुद्दाम लिहिते.

या प्रकारातली जुनी आणि जास्त तपासलेली पद्धत म्हणजे ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन बाईंना १९८७ साली बागेत फिरताना जाणवलं, की डोळे इकडून तिकडे हलत असताना मनातल्या त्रासदायक विचारांची धार कमी होते. त्यांनी त्यावरून पद्धत बसवली, व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रिया यांच्यावर ती वापरून पाहिली आणि १९८९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. उपचारात आधी बरीच तयारी असते. घाबरं झालं तर मनाने परतायची एक सुरक्षित जागा ठरवतात. मग ती आठवण समोर आणायची, त्रास शून्य ते दहामध्ये किती ते सांगायचं, आणि उपचार करणाऱ्याची बोटं डावीकडून उजवीकडे हलतील तशी नजर हलवायची. थांबायचं, काय वाटलं ते सांगायचं, पुन्हा सुरू.

भाचीची काठी मात्र दुसऱ्या पद्धतीतली, ब्रेनस्पॉटिंगची. ती न्यूयॉर्कच्या डेव्हिड ग्रँड यांनी २००३ मध्ये सुरू केली. ते आधी ईएमडीआरच करत. बर्फावर स्केटिंग करणाऱ्या एका मुलीला एक उडी काही केल्या जमत नव्हती. तिच्यासमोर बोटं फिरवताना एका जागी तिचे डोळे थरथरले. ग्रँड यांनी हात तिथेच थांबवला, आणि आतून बरंच काही वर आलं. तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत नजर हलवत नाहीत, एका जागी ठरवतात. काठी हळूहळू समोरून नेतात. कुठे पापणी फडफडते, आवंढा गिळला जातो, श्वास अडकतो, ते बघतात आणि तिथे थांबतात. मग शरीरात कुठे काय होतंय तिकडे लक्ष ठेवून त्या जागेकडे बघत राहायचं. समोरचा माणूस फारसं बोलत नाही. नुसता बरोबर असतो.

भाची म्हणाली, "मावशी, उजवीकडे खाली बघितलं की माझ्या खांद्यात कळ यायची. तिथेच बघत राहिले. आधी थरथरले, मग खूप रडले, मग जांभया यायला लागल्या." असं पाच-सहा वेळा झालं. आता ती पुढच्या सीटवर बसते. हॉर्नला दचकते अजून, पण गाडी थांबवायला सांगत नाही.

आता यात खरं किती? विज्ञान मी शिकलेली नाही, माझं बी.ए. मराठीचं. पण वाचून जेवढं समजलं ते सांगते. ईएमडीआरचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या विकारासाठी तिची शिफारस केली आहे. ती का उपयोगी पडते याबद्दल मात्र वाद आहे. एक पटण्यासारखं उत्तर असं, की एका वेळी मनात धरून ठेवायची आपली जागा मर्यादित असते. आठवणही धरायची आणि हलत्या बोटांवर नजरही ठेवायची, तर आठवणीच्या चित्राला जागा कमी पडते. ते फिकट होतं आणि फिकट होऊनच परत जाग्यावर जातं. काहींच्या मते डोळे हलवण्यात विशेष काही नाही, सुरक्षित माणसासमोर ती आठवण पुन्हा पाहणं हाच खरा उपचार.

ब्रेनस्पॉटिंगचं तसं नाही. मेंदूच्या मधल्या भागाशी नजरेचा संबंध असतो, त्यावर ही पद्धत बेतलेली आहे असं ते सांगतात. ते अजून अनुमानाच्या पातळीवर आहे, आणि अभ्यास थोडे नि छोटे आहेत. माझ्या भाचीला बरं वाटलं म्हणून पद्धत सिद्ध होत नाही. पण तिला बरं वाटलं, हेही खोटं नाही.

काहीजण म्हणतील, "यात नवीन काय, आपल्याकडे त्राटक होतंच." मला हे पटत नाही. त्राटकात नजर स्थिर करून मनही स्थिर करायचं असतं. इथे नजर स्थिर ठेवून आत जे दाबलेलं आहे त्याला हलू द्यायचं असतं. प्रत्येक गोष्ट आपल्याकडे आधीच होती असं म्हटलं, की ती शिकायचे कष्ट वाचतात एवढंच.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगते. मी घाटघरला राहते. जीवधनच्या पायथ्याशी, नाणेघाटाच्या तोंडावर. आमच्या दक्षिणेला डोंगर ओलांडले की आंबेगाव तालुक्यातलं माळीण. ३० जुलै २०१४ला सकाळी कडा कोसळला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. सकाळच्या एसटीच्या चालकाला गावच दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. आठवडाभर ढिगारा उपसत होते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील मोघमच ठेवते. तिचं माहेर त्या ढिगाऱ्याखाली गेलं. ती सासरी होती म्हणून वाचली, पण ते उपसणं तिने उभं राहून पाहिलं. आज इतकी वर्षं झाली. आषाढात पाऊस लागून राहिला की ती रात्रभर दाराशी बसते. रेशनकार्ड आणि कागदपत्रांची पिशवी उशाशी नाही, दाराशी. दिवसा हीच बाई चिखलात उतरून आवणी करते, सगळ्यांच्या पुढे असते. माझ्या ओट्यावर बसून बोलताना माहेरचा विषय निघाला की तिची नजर ओट्याच्या डाव्या कडेला खाली जाते आणि तिथेच राहते. आवाज बारीक होतो, हात पोटाशी जातो. भाचीने सांगितलं तेव्हा मला पहिली आठवली ती हीच. त्यावरून मी निदान करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण पाहिलं ते पाहिलं.

तिच्यासाठी काय झालं? घरच्यांनी भगताकडे नेलं, उतारा टाकला. मी भगताला नावं ठेवणार नाही, निदान तो रात्रभर तिच्यापाशी बसला. बाकी सगळ्यांनी, शिकलेल्यांनीसुद्धा, एकच सांगितलं, "विसर आता." विसरायचं म्हणून कुणी विसरतं का? ज्याच्यासाठी शरीर रात्रभर पहारा देतंय, ते विसरायला कसं सांगायचं?

२०१७ मध्ये नवं माळीण उभं राहिलं. पक्की घरं, रस्ते, नळ. त्याच वर्षी पहिल्या जोराच्या पावसात रस्ते खचले, भेगा पडल्या, आणि लोक पुन्हा घाबरले. वर्तमानपत्रांनी बांधकामाच्या दर्जावर लिहिलं, ते योग्यच. पण तीन वर्षांपूर्वी ज्यांचं सगळं गाडलं गेलं त्यांच्या छातीत त्या दिवशी काय झालं असेल? पुनर्वसनाच्या यादीत घर असतं, रस्ता असतो, झोप नसते. पुढे २०२१ला तळिये, २०२३ला इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी मदतीचे ट्रक आले नि गेले. आघात मात्र दर पावसाळ्यात परत येतो.

आणि हे आपल्या देशात जमणारच नाही असंही नाही. २००१च्या भूकंपानंतर कच्छमध्ये ईएमडीआर शिकलेले आपलेच मानसतज्ज्ञ काम करायला गेले होते. मुंबईच्या सुषमा मेहरोत्रा त्यांतल्या एक. कच्छला जमलं ते सह्याद्रीत का जमू नये? घाटघरहून जुन्नर तीसेक किलोमीटर, तिथून पुणे आणखी नव्वदेक. आवणी सोडून दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून माझं मत असं आहे, की अशा गावांत पावसाळ्याच्या तोंडाला प्रशिक्षित माणूस आरोग्य केंद्रात येऊन बसला पाहिजे, आणि एकदा नाही, सलग काही वर्षं. पद्धत निवडायचीच तर आधी पुरावा असलेली निवडावी. ब्रेनस्पॉटिंग कुणी करत असेल तर त्याने अभ्यास अजून कमी आहेत हे आधी सांगावं, मग करावं.

एक सावधगिरी मात्र हवी. हे वाचून कुणी घरात पेन्सिल घेऊन नजरा फिरवत बसू नका. आठवण उघडणं सोपं असतं, ती उघडल्यावर माणसाला सावरणं हे शिकलेल्याचं काम. आपल्या हातात आहे ते एवढंच: "विसर" म्हणायचं नाही. सांग सांग म्हणून मागे लागायचं नाही. थरथरणाऱ्याला हसायचं नाही. त्याच्याजवळ बसायचं. आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवायचा. २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तो क्रमांक मी माझ्या विद्यार्थिनीला दिला. तिने विचारलं, "बाई, त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, झोप लागत नाही एवढंच सांग, सुरुवात तिथून होईल. तिने अजून फोन केलेला नाही. या पावसाळ्यात मी तिला माझ्याकडेच बसवून लावून देणार आहे.

आणि दिवाळीत हसलेल्या मंडळींनो, भाचीला एक फोन कराल का? काठीबद्दल नका विचारू. गाडीत आता कशी असतेस, एवढं विचारा.