मोजणी कोणाच्या हाती?

जैवविविधता कायदा २००२ साली संमत झाला. गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या विचाराने स्थानिक जीवसृष्टीची नोंदवही तयार करावी, ही त्यामागील योजना लोकशाहीला शोभणारीच होती. परंतु सतरा वर्षे ती बव्हंशी कागदावरच राहिली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत ठरवून राज्यांना दंडाचा धाक घातला, तेव्हा कोठे नोंदवह्या भराभर भरू लागल्या. मात्र नोंदवही तयार होणे आणि लोक नोंद करण्यास समर्थ होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

‘ग्रामस्थांना जंगल ठाऊकच असते, त्यांना संख्याशास्त्र कशाला?’ असे म्हणणारे सहृदय मित्र आपल्यातही आहेत. हा भाबडेपणा आहे. मोहाचे जुने वृक्ष डवरलेले दिसतात म्हणून सारे ठीक आहे असे वाटते; खोडांचे घेर मोजून वर्गवारी केली, म्हणजे खाली रोपेच उरलेली नाहीत हे ध्यानात येऊ शकते. ही मोजणी वाटेलगतच्या सोयीच्या जागी करून भागत नाही. मोजावयाचे चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडावे लागतात. दहा चौकोनांत पन्नास रोपे आढळली, तर सरासरी पाच येते. पण ती सगळी दोनच चौकोनांत असतील, तर उरलेले आठ ओसाड आहेत. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीआड दारिद्र्य कसे दडते, हे वर्षानुवर्षे वर्गात शिकविलेल्या माणसाला ही गफलत नवी नाही.

या अज्ञानाची किंमत कोण मोजतो? २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांवर जनसुनावणी होते. तेथे स्थानिक भाषेत मिळतो तो केवळ सारांश. तपशील जाडजूड इंग्रजी अहवालात राहतो. कोकणातील जांभ्याचा सडा एप्रिलमध्ये पाहिला, तर उघडाबोडका खडक दिसतो. पावसाळ्यात तोच रानफुलांनी भरून जातो आणि त्यात मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना पोहोचते. ‘पाहणी कोणत्या महिन्यात केली?’ एवढा एकच प्रश्न विचारता आला, तरी ‘पडीक जमीन’ हा शेरा डळमळू शकतो. विचारता आला नाही, तर सडाही जातो आणि पाणीही.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालविले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळविला. अभ्यास हा हक्काचा पाया असतो, हा त्याचा धडा आहे. म्हणून आमची मागणी अशी की, नोंदवहीचा निधी बाहेरच्या सल्लागारांवर खर्च न करता प्रत्येक तालुक्यातील तरुण-तरुणींना नमुना निवडणे, मोजणे, आकड्यांचा अर्थ लावणे आणि तो ग्रामसभेत मराठीत, गोंडीत, जेथे जी भाषा बोलली जाते तीत मांडणे, हे शिकविण्यासाठी वापरावा. विद्यापीठांनी याकरिता आपले दरवाजे उघडावेत. आपल्या कार्यकर्त्यांनीही शिबिरांतून हे शास्त्र आत्मसात करावे.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण दिली होती. जो जंगलावर जगतो, त्याच्याच हाती जंगलाची मोजणीही असली पाहिजे.