द्राक्षमळ्यांतली पायवाट

स्पेनमधल्या ‘कामिनो द सांतियागो’ या यात्रामार्गावर लोग्रोन्यो ते नाहेरा हा एका दिवसाचा टप्पा. सुमारे २९ किलोमीटर तांबडी माती आणि द्राक्षमळे. जुन्या मळ्यांतल्या वेली आपल्या नाशिकसारख्या मांडवावर नसतात, कमरेखालची झुडपंच. नावार्रेते गावाजवळ यात्रेकरूंसाठी १२व्या शतकात उभारलेल्या धर्मशाळेचे अवशेष आहेत. तिचं कोरीव दगडी प्रवेशद्वार आता गावच्या दफनभूमीला आहे. रियोहा या इथल्या प्रदेशाच्या कोणत्याही वाइनपेक्षा मला ते मोलाचं वाटतं: परक्या पांथस्थाला इथे आसरा मिळत होता! दिंड्यांना जेवू घालणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोडणीच्या दिवसांत जा. घडांना मात्र हात लावू नका. ते शेतकऱ्याचं वर्षाचं पीक आहे.