शाकारणी की नवी बांधणी?

घर शाकारावे की पाडून नवे बांधावे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. घरातल्या कॉम्प्युटरपुढेही तो उभा राहतो.

२०२५ च्या दिवाळीत नवीन पनवेलला आक्काकडे गेलो होतो. दाजी काळजीत दिसले. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबरला थांबवली होती. आता विंडोज ११ घालायची, पण कशी? साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडासाठी सिडकोकडे केलेले सारे अर्ज त्याच कॉम्प्युटरात होते.

भाचा म्हणाला, "मामा, आधी यंत्र पेलेल का ते पाहायचे. ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सोय लागते. मग वाटा दोन. अपग्रेड केले तर फायली, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. नाही जमले तर दहा दिवसांत मागे फिरता येते. पण जुनी अडगळही राहते. क्लीन इन्स्टॉल म्हणजे पाटी पुसून कोरी करायची. मग डेस्कटॉपवरचे सगळे जाते. यंत्र धड चालत असेल तर अपग्रेड बरे. सारखे अडत असेल, व्हायरस शिरला असेल तर क्लीन."

दाजींचे यंत्र पार अडले होते. सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवल्या आणि पाटी पुसली. नवी प्रणाली झरझर चालू लागली. अर्ज उघडला, तो मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरे नि खुणा! दाजींचा चेहरा उतरला.

मजकूर शाबूत होता. गेला होता फॉन्ट. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी तो फॉन्ट असल्याशिवाय वाचता येत नाही. आक्काला ट्रंकेतली जुनी सीडी आठवली. तिच्यातला फॉन्ट बसवला आणि अर्ज पुन्हा मराठीत बोलू लागला!

म्हणून सांगणे एवढेच. शाकारा किंवा नवे बांधा, आधी कागदांची नक्कल दोन ठिकाणी ठेवा, फॉन्टसुद्धा. आणि ती नक्कल शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून वाचून पाहा. बियाणे उगवते का हे पाहिल्याशिवाय आपण पेरतो का? वाचता आली तरच ती नक्कल खरी. बिऱ्हाड नीट हलवल्याशिवाय भिंतीला पहार लावू नये.