तू बाग बघ, कागद आम्ही बघतो!

मंडळी, आधी एक कबुली. फाल्गुन लागला की माझ्या हातात खुरपं येतं, ते चैत्र सरेपर्यंत सुटत नाही. मोगऱ्याची माती उकरून शेणखत घालायचं, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने घासून काढायचा, उन्हाळ्यासाठी कुंड्यांत वाळक्या पाल्याचं आच्छादन करायचं. कामं खरी आहेत आणि वेळेवरच करावी लागतात. पण नेमकी याच दिवसांत मला कुंड्यांना गेरू लावायची हुक्की का येते? कारण आत कपाटात एक निळी फाईल असते. व्याजाची पत्रकं, पेन्शनचे कागद, पॅन कार्डाची झेरॉक्स... तिच्याकडे बघायला नको म्हणून गेरू!

घरचे यावर प्रेमाने म्हणतात, "आई, तू बाग बघ, कागद आम्ही बघतो." आज मला भांडायचंय ते या प्रेमळ वाक्याशी. (मुला-सुनांनो, रागावू नका, पण शेवटपर्यंत वाचा.)

हे होते तोवर "इथे सही कर" एवढाच माझा आणि आयकराचा संबंध. ३२ वर्षं शाळेत शिकवलं, वर्गाची निकालपत्रकं बेरजेची एकही चूक न करता केली. पण स्वतःच्या ठेवींवर व्याज किती येतं ते मला सांगता येत नव्हतं. हे गेल्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये बँकेत द्यायचा १५ एच फॉर्म मी "बघू पुढच्या आठवड्यात" करत राहिले. मुलाला वाटलं आईने दिला, मला वाटलं तो देईल. वर्षाचं व्याज ६२ हजार. ज्येष्ठांसाठी तेव्हा मर्यादा होती ५० हजारांची. दहा टक्क्यांनी ६,२०० रुपये कापले गेले. मला कर लागतच नव्हता! ते परत मिळवायला ३१ जुलै २०२४ पर्यंत विवरणपत्र भरायचं, तर तेही राहिलं. डिसेंबरात भरलं आणि १,००० रुपये विलंब शुल्क गेलं.

हजार रुपयांचं मला फारसं काही वाटलं नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, घरातल्या कुणाला तरी पाठवा ना," ते मात्र लागलं. पैसे माझे, सही माझी, आणि मी मात्र "कुणी"च नाही?

आम्ही म्हातारी माणसं आळसाने कागद पुढे ढकलतो असं समजू नका. आम्हाला चुकायची भीती वाटते. आणि आम्हा बायकांना ती आयुष्यभर शिकवलेली असते. बागेत कुठे घाबरते मी? पहिले दोन मोगरे जास्त पाणी घालून मीच कुजवले. तेव्हा "तुला नाही जमायचं, माळ्याला बोलाव" असं कुणी म्हटलं नाही. चुकायची मुभा होती, म्हणून शिकले. कागदांच्या बाबतीत ती मुभा मला कधी दिलीच नाही.

मुलगा म्हणतो, कायदा किचकट आहे. असेल! पण आता १९६१ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा आलाय, १ एप्रिल २०२६ पासून लागू. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. म्हणजे हा धडा सगळ्यांनाच नवा, बाळा. तू आणि मी एकाच बाकावर!

तेव्हा माझं मागणं साधं आहे. कागद माझ्याकडून काढून घेऊ नका. शेजारी बसा, विचारलं तर सांगा, पण माऊस माझ्या हातात राहू दे. पासवर्ड माझ्या वहीत राहू दे. आणि ज्यांचे 'हे' अजून सगळं बघतात, त्या माझ्या मैत्रिणींनो, आजच त्यांच्या शेजारी जाऊन बसा. नंतर शिकणं फार जड जातं, अनुभवाने सांगते.

असो. निळी फाईल आज टेबलावर काढून ठेवली आहे. कुंड्यांचा गेरू पुढच्या आठवड्यात.