सुभेदार रामजीबाबांचा संसार



वस्तीत पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो की गेलेल्या माणसाबद्दल दोन वाक्ये हमखास कानी पडतात. "माणूस साधा होता, समाजाच्या कामाला धावून यायचा." झाले, संपले आयुष्य! त्याने पोरांच्या पुस्तकांना पैसे कोठून आणले, ते कोणी सांगत नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांच्याबाबतीतही आपण असेच करतो. बाबासाहेबांचे वडील, एवढे म्हणतो आणि पुढे जातो.

रामजीबाबा मूळचे कोकणातील आंबडव्याचे. लष्करी शाळेत हेडमास्तर होते. निवृत्त होऊन दापोलीला आले, तेथून साताऱ्याला. साताऱ्यात भीमाबाई वारल्या आणि पोरे आत्या मीराबाईंच्या पदराखाली आली. रामजीबाबा मात्र खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. बाप एकीकडे, लेकरे दुसरीकडे. नोकरीपायी असे दिवस आपल्यापैकी कितीतरी घरांनी काढले आहेत.

१९०१ च्या सुमारास सुटीत मुले वडिलांना भेटायला निघाली. आधी पत्र टाकले होते, पण ते नोकराने रामजीबाबांना दिलेच नाही. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची! वाटेत अन्न जवळ असून पाण्यावाचून उपाशी राहावे लागले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती वाचताना माझ्या मनात त्या बापाचाच विचार येतो. पोरे दारात उभी राहिली तेव्हा त्याला काय वाटले असेल?

पुढे मुंबईत परळच्या चाळीत एक खोली. रात्री दोनपर्यंत स्वतः जागायचे, मग भीमाला अभ्यासाला उठवायचे. मी कारकून माणूस, माझे लक्ष आधी हिशेबाकडे जाते. भीमाला पुस्तक हवे आणि खिसा रिकामा, की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींचे घर गाठत. एकीकडे पैसे मिळाले नाहीत तर दुसरीकडे. तिचा दागिना गहाण पडे आणि पेन्शन हाती आले की सोडवला जाई. त्या दोघी बहिणींची नावे आपल्या मुलींना ठाऊक आहेत का?

ते देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी दुसरे लग्न केले, ते भीमाला रुचले नाही. घरात कुरबुरी झाल्या. कोणत्या घरात होत नाहीत?

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा समाजाच्या मंडळींनी सत्काराचा घाट घातला. रामजीबाबांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा तर पास झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांचे स्नेही दादा केळुसकर यांनी समजूत घातली, तेव्हा सभा झाली. तीत केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. बाप हट्टाला पेटला असता तर ती सभा झालीच नसती.

१९१३ साली भीमराव बडोद्याला नोकरीत असताना वडिलांच्या आजारपणाची तार आली. वाटेत सुरतेला ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोहोचले. रामजीबाबांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारीला ते गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव अमेरिकेला पोहोचले.