पाकिटावर ‘जैन’ छापलंय म्हणून?



गेल्या महिन्यात आमच्या भिशीत एक ट्रे फिरला. कच्ची केळी आणि मटार यांचे कुरकुरीत नगेट्स, शेजारी वाटीत दही-पुदिन्याची चटणी. घरच्या वहिनींनी ट्रे ठेवता ठेवताच जाहीर केलं, “बिनधास्त खा गं! एअर फ्रायरमधले आहेत. तेल शून्य, बटाटा शून्य, आणि पाकिटावर जैन लिहिलंय!” आम्ही चौदा जणी होतो. पाच मिनिटांत ट्रे रिकामा. मीही चार खाल्ले. खोटं कशाला सांगू, छान लागत होते.

हात धुवायला आत गेले तर ओट्यावर रिकामं पाकीट पडलेलं. मी १९८१ ची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण छापलेला आकडा दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. पाकीट उलटं केलं. घटकांच्या यादीत केळी, मटार आणि तिसऱ्या क्रमांकावर खाद्य वनस्पती तेल. १०० ग्रॅममागे स्निग्ध पदार्थ ९ ग्रॅम. तयार केल्याची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. आणि शेवटी नुसताच एक शब्द : मसाले.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या घरी खाऊन त्याच घरात नावं ठेवायची नसतात. दुसऱ्या दिवशी वहिनींना फोन केला, सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “लिहा, पण माझं नाव नको.” म्हणून लिहितेय.

सुरुवातीलाच सांगते, माझं भांडण एअर फ्रायरशी नाही. आमच्या घरीही आहे, मुलाने दिवाळीला आणला. त्यात जादू काही नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, आणि पंख्याच्या जोरावर गरम हवा पदार्थाभोवती फिरते. छोटी भट्टीच म्हणा. त्यात घातलेला पदार्थ जेवढा जैन, तेवढंच ते यंत्र जैन. कढईने कधी कुणाला सांगितलं नाही की माझ्यात तळलं म्हणजे शुद्ध झालं. मग या डब्याला आपण हा मान का दिला?

आता ‘तेल शून्य’ घेऊ. कारखान्यातले बरेचसे फ्रोझन पदार्थ आधी तेलात अर्धवट तळतात, मग गोठवतात. म्हणून तर घरी वरून थेंबभर तेल न घालता ते कुरकुरीत होतात. तेल गेलं नाही, फक्त आपल्या डोळ्यांसमोर ओतलं नाही. भिशीतलं पाकीट ४०० ग्रॅमचं होतं. १०० ला ९, तर ४०० ला ३६ ग्रॅम. घरातला छोटा चमचा भरून तेल घेतलं तर साधारण साडेचार ग्रॅम भरतं. म्हणजे त्या पाकिटात आठ चमचे! उधारीवर आणलेला माल वहीत लिहिला नाही म्हणून देणं फिटत नाही. आपण मात्र वहीत शून्य लिहून मोकळ्या झालो.

जाहिरातीतला ‘नव्वद टक्के कमी तेल’ हा आकडा ताज्या फोडी कढईत बुडवून तळण्याशी केलेल्या तुलनेचा असतो. आधीच तळून आलेल्या मालाला तो लावायचा नसतो. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. तेल तिसऱ्या क्रमांकावर दिसलं की समजायचं.

आता त्याहून मोठा शब्द : ‘जैन’.

हिरवा ठिपका आपल्याला माहीत आहे. त्याचा अर्थ एवढाच की आत मांस, मासे, अंडं नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट त्याच हिरव्या ठिपक्याखाली सुखाने नांदतात. ‘जैन’ हा शब्द कंपनी आपल्या मनाने छापते आणि तिच्या लेखी त्याचा अर्थ ‘बटाटा-कांदा-लसूण वगळलं’ इतकाच असतो. आपल्या आजीच्या लेखी तो इतकाच होता का?

माझी आजी जेमतेम सही करायची. पण पिठाच्या डब्यावर खडूने तारीख घालायची. पावसाळ्यात पीठ तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढे ते पीठ आमच्या घरात चालायचं नाही. दमट हवेत जीव लवकर पडतात, कोरड्या थंडीत उशिरा, हे तिला कुठल्या प्रयोगशाळेने सांगितलं नव्हतं. पाण्यात शिजवलेला पदार्थ रात्र ओलांडून गेला की शिळा. त्याच घराण्यातल्या आम्ही पाच महिन्यांपूर्वी शिजवलेलं, तळलेलं, उणे १८ अंशांवर ठेवलेलं अन्न ‘जैन’ म्हणून खातो आणि वर ‘गरमागरम’ म्हणतो. गरम आहे हो, ताजं नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या थंडीत कुठले आलेत जीव? थंडीत सूक्ष्म जीवांची वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. पुष्कळसे नुसते थिजून असतात, ऊब मिळाली की परत जागे. म्हणून तर वितळलेला माल पुन्हा गोठवू नका असं त्या पाकिटावरच लिहिलेलं असतं. आपल्या शहरात दिवसातून कितीदा वीज जाते आणि दुकानातलं पाकीट किती वेळा वितळून पुन्हा गोठतं, याचा हिशेब कोण ठेवतं?

आणि तो शेवटचा शब्द, ‘मसाले’. त्यात लसणाची पूड आहे की नाही, सुंठ आहे की आलं, काही कळत नाही. बाजारात दुकानदाराने ‘इतर खर्च’ म्हणून रक्कम लावली तर आपण फोड मागतो. तोंडात घालताना मात्र मागत नाही.

पण त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागली ती दह्याची वाटी. मटार हे द्विदल. द्विदलाबरोबर दही आपण खात नाही, हे पाठशाळेतल्या पोरीला विचारलं तरी ती सांगेल. चौदा जणी होतो. त्यातल्या निम्म्या तरी दशलक्षणात दहाही दिवस एकाशन करणाऱ्या. एकीच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, मी चारही नगेट्स त्याच चटणीत बुडवून खाल्ले! पाकिटावर ‘जैन’ वाचलं आणि आमचं डोकं झोपी गेलं. हा माझा खरा आक्षेप. बटाटा चुकून पोटात गेला तर आलोचना करता येते. पण विचारायची सवयच गेली तर आलोचना तरी कशाची करणार?

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात काही वस्तू सोडायला सांगितल्या आहेत, त्यामागचं कारण मला शिकलेल्या जमाखर्चासारखंच वाटतं : फळ थोडं आणि घात मोठा, तो व्यवहार करू नये. प्रत्येक नव्या वस्तूपुढे हा ताळेबंद आपणच मांडायचा असतो. तो कंपनीकडून छापून मिळत नाही.

इथवर वाचून पुष्कळ सासवा माना डोलावत असतील. “बरोबर आहे, आजकालच्या सुना नुसती पाकिटं फोडतात.” थांबा जरा. आता आपल्याकडेच येतेय.

माझी सून नोकरी करते. लग्न होऊन आली तेव्हा तिला रात्रिभोजनाचा त्याग नव्हता. तीन वर्षांपूर्वी चातुर्मासात तिने आपणहून नियम घेतला. मी बस्तीत सगळ्यांना अभिमानाने सांगितलं. जूनमध्ये आमच्या सांगलीत सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा सगळं निभावलं. डिसेंबरमध्ये तो सहाच्या आसपास मावळतो. ती साडेपाचला ऑफिसातून निघते, पावणेसहाला स्कूटर दारात. हातात उरतात पंधरा मिनिटं.

एका संध्याकाळी मी पाहिलं, खांद्याची पर्सही न काढता ती ओट्यापाशी उभी. फ्रीझरमधल्या टिक्क्या एअर फ्रायरमध्ये टाकलेल्या, डोळे घड्याळाकडे. दोन टिक्क्या उभ्याउभ्या खाल्ल्या, पाणी प्यायली आणि मग खुर्चीवर बसली. मी म्हणाले, “असलं शिळंपाकं खाऊन नियम पाळण्यात काय अर्थ आहे?”

ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, “आई, मग ताजं कोण करून ठेवणार? तुम्ही आणि बाबा तर साडेपाचला जेवून मोकळे होता.”

मला उत्तर सुचलं नाही. आमचं जेवण साडेपाचला, तिचं नाही, हे मी रोज पाहत होते. सकाळी सहाला उठून डबे तीच भरायची. संध्याकाळी तिच्यासाठी झाकून काहीच ठेवलेलं नसायचं, कारण ‘ती आल्यावर करेल’. तिने नियम घेतला याचं श्रेय मी बस्तीत मिळवलं. तो पाळायचा खर्च मात्र सगळा तिच्या नावावर टाकला. बी.कॉम. झालेल्या बाईने केलेली ही हिशेबातली लबाडी.

तेव्हा ज्या घरात फ्रीझर पाकिटांनी भरलाय, तिथे सुनेला बोल लावण्याआधी विचारा : चार ते सहा या वेळात घरात कोण असतं? बहुतेक घरांत आपण असतो, आपले निवृत्त यजमान असतात, कधी कॉलेजातून आलेला नातू असतो. पाकीट तिच्या आळसाने येत नाही. आपण रिकामी ठेवलेली ती दोन तासांची जागा भरायला येतं.

आम्ही काय केलं ते सांगते. चार कच्ची केळी कुकरला दोन शिट्ट्या देऊन उकडायची, सोलून कुस्करायची. मूठभर पोहे धुऊन, पिळून त्यात घालायचे म्हणजे मिश्रण चिकटत नाही. हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, चिमूटभर सुंठ, मीठ, लिंबू. चपट्या बारा टिक्क्या होतात. दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावायचं, सगळ्यांना मिळून दोन छोटे चमचे पुरतात. एअर फ्रायर १८० अंशांवर, बारा-चौदा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. सोनेरी झाल्या की काढायच्या, काळपट होऊ द्यायच्या नाहीत. हिरवं चालत नाही त्या तिथीला भिजवलेल्या मूगडाळीचे वडे, तेही त्यातच होतात. सोबत चिंचेची चटणी. दही नाही!

मिश्रण मी चारला करते. सव्वापाचला टिक्क्या आत टाकायचं आणि उलटायचं काम यांचं. यांनी आयुष्यभर दुकानाचं खातं पैशाचीही चूक न करता सांभाळलं, पण टिक्की न मोडता उलटायला चार दिवस लागले. आता जमतं. सून आली की ताट तयार असतं आणि ती बसून जेवते. यंत्र तेच, केळीही तीच. वीज म्हणाल तर दीड हजार वॅटचं यंत्र पंधरा मिनिटं चाललं तरी अर्धा युनिटही होत नाही. बदलले ते हात.

“म्हणजे फ्रोझन कधीच नाही का?” असं काही जणी विचारतील. ज्याचा त्याचा नियम आणि ज्याची त्याची शक्ती. परगावी एकटी राहणारी मुलगी, बाळंतीण, आजारपण असलेलं घर, यांना मी काही सांगणार नाही. मोसमात घरी सोलून ठेवलेल्या मटारला आणि कारखान्यात तळून आलेल्या नगेटला एकाच तागडीतही घालणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की खायचं असेल तर खा, पण त्याला ‘जैन’ म्हणू नका, ‘बिनतेलाचं’ म्हणू नका. सवलत घेतली तर सवलतीच्या खात्यात लिहा, व्रताच्या खात्यात नको. आणि बस्तीच्या कार्यक्रमात, पारण्याला, पाठशाळेच्या मुलांच्या खाऊत तरी हे पाकीट आणू नका. पाकीट वाचून जैन व्हायचं असतं असं ती मुलं शिकतील.

पुढची भिशी आमच्याकडे आहे. टिक्क्या ताज्या असतील, चार वाजता या आणि केळी कुस्करायला हात लावा. यजमानांनाही आणा, उलटायचं काम त्यांना देऊ.

लिहिण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मुद्दा मात्र मागे घेत नाही.